प्रवाळ मत्स्यालयातील नकोसे कृमी : चोर कोण, संन्यासी कोण?

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगण्यात न्यूकी नावाचे गाव आहे. तेथील ‘ब्लू रीफ’ या सार्वजनिक मत्स्यालयातील कर्मचाऱ्यांना २००९ मध्ये एका कोड्याने हैराण केले होते. प्रवाळांच्या टाकीत रात्रीतून काहीतरी घडत होते. सकाळी येऊन पाहावे, तर प्रवाळांचे तुकडे झालेले आणि माशांच्या अंगावर जखमा. गुन्हेगाराचा मात्र पत्ता नाही. आमिष लावून सापळे ठेवले, तर सकाळी सापळेच मोडलेले आढळले. अखेर टाकीतील दगड एकेक करून बाहेर काढण्यात आले आणि एका दगडाच्या आश्रयाला असलेला सुमारे ४ फूट लांबीचा समुद्री कृमी हाती लागला. लहान असताना दगडाच्या पोकळीतून तो टाकीत आला असावा आणि तेथेच वाढला असावा, असा निष्कर्ष निघाला. कर्मचाऱ्यांनी त्याचे ‘बॅरी’ असे नामकरण करून त्याला स्वतंत्र टाकी दिली.

ही बातमी जगभर गाजली आणि घरी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय बाळगणाऱ्या अनेकांच्या मनात भीती बसली. दगडाखालून एखादा केसाळ किडा डोकावला, की ‘आपल्याकडेही बॅरी आला’ असे वाटू लागते. मग दुकानातून मिळेल ते औषध आणून टाकीत ओतले जाते आणि दोन दिवसांत किड्यांबरोबर मासे आणि प्रवाळही दगावतात. वस्तुस्थिती अशी, की प्रवाळ मत्स्यालयात आढळणारे बहुतेक कृमी निरुपद्रवी, किंबहुना उपयोगी असतात. खरोखर घातक जाती थोड्या आहेत आणि त्यांच्यावरचे उपायही वेगवेगळे आहेत. म्हणूनच या विषयात पहिले काम ओळख पटविण्याचे आणि दुसरे उपायाचे. हा क्रम उलटला, की नुकसान होते.

कृमी येतात कोठून?

गोड्या पाण्याच्या टाकीत वाळू, वनस्पती आणि मासे एवढाच संसार असतो. प्रवाळांच्या टाकीचे तसे नाही. तिचा पाया म्हणजे ‘लाइव्ह रॉक’, अर्थात समुद्रातील सच्छिद्र खडक. मृत प्रवाळांच्या चुनखडी सांगाड्यांपासून बनलेल्या या दगडांच्या असंख्य छिद्रांत जीवाणू, शैवाल, स्पंज, खेकड्यांची पिल्ले आणि कृमी वास्तव्य करतात. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये ‘ट्रॉपिकल फिश हॉबिइस्ट’ या मासिकात अशा ‘जिवंत दगडां’च्या आधारे समुद्री जीव पाळण्याची पद्धत मांडली. पुढे याच कल्पनेवर आजचे प्रवाळ मत्स्यालय उभे राहिले. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून तयार होणाऱ्या अमोनियाची विल्हेवाट याच दगडांतील जीवाणू लावतात.

दगडाबरोबर जे जिवंत येते, त्याची निवड मात्र मालकाच्या हाती नसते. शौकिनांच्या भाषेत अशा जिवांना ‘हिचहायकर’, म्हणजे फुकटचे प्रवासी म्हणतात. दगडाखेरीज प्रवाळांच्या कलमांच्या बुंध्याला चिकटून, वाळूतून, शंख-शिंपल्यांच्या पाठीवरून आणि दुसऱ्याच्या टाकीतील पाण्यातूनही ते येतात. अंडी तर डोळ्यांना दिसतही नाहीत. त्यामुळे ‘माझ्या टाकीत एकही कृमी नाही’ असे म्हणणाऱ्याने रात्री दिवे मालवल्यावर तासाभराने लाल प्रकाशाची विजेरी घेऊन टाकीपुढे बसावे. पांढऱ्या प्रकाशाने बिचकून लपणारे बरेच जीव लाल प्रकाशात निवांत वावरताना दिसतात.

केसाळ कृमी : बदनाम झालेला सफाई कामगार

सर्वाधिक तक्रारी असतात त्या ‘ब्रिसलवर्म’ची, म्हणजे राठ केसांच्या कृमीची. हे गांडुळाचे समुद्रातील भाऊबंद. वलयांकित शरीर आणि प्रत्येक वलयाच्या दोन्ही बाजूंना केसांचे झुबके ही त्यांची खूण. शास्त्रज्ञ या गटाला ‘पॉलिकीट’ म्हणतात आणि त्यात दहा हजारांहून अधिक जाती आहेत. मत्स्यालयांत नेहमी दिसतो तो ‘युरिथो कॉम्प्लॅनाटा’ आणि त्याचे जवळचे नातलग. रंग गुलाबी-करडा किंवा नारिंगीकडे झुकणारा, लांबी साधारण बोटाएवढी आणि डिवचल्यावर पिसारल्यासारखे फुलणारे पांढरे केस, असे त्याचे रूप.

हा कृमी कुजके, मेलेले आणि उरलेले खातो. दगडांच्या ज्या कपारींत मालकाची नळी पोहोचत नाही तेथील गाळ तो फस्त करतो. वाळू उकरून ती मोकळी ठेवतो. एखादा मासा दगडाआड मेला, तर त्याचे शरीर कुजून पाण्यातील अमोनिया वाढण्याआधी हे कृमी ते संपवतात. नेमकी येथेच त्यांची बदनामी होते. सकाळी दिवा लावल्यावर मेलेल्या माशाभोवती दहा-बारा कृमी दिसतात आणि खुनी सापडला असे समजले जाते. प्रत्यक्षात मासा आधीच आजाराने किंवा पाणी बिघडल्याने मेलेला असतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार. त्यात खरे कारण दुर्लक्षित राहते आणि दुसरा मासाही मरतो. प्रवाळाच्या बाबतीतही तेच. हा कृमी प्रवाळाच्या मेलेल्या भागावर दिसला, तर आधी पाण्याची क्षारता, तापमान, नायट्रेट आणि कॅल्शियम तपासावे.

मग त्याला ‘नकोसा’ कधी म्हणावे? जेव्हा संख्या आवाक्याबाहेर जाते. दिवसाउजेडी प्रत्येक दगडातून डोकी बाहेर येत असतील आणि अन्न टाकताच कृमींचे पुंजके धावत असतील, तर समस्या आहे. पण ती कृमींची नसून अन्नाची आहे. जितके उरते तितके ते वाढतात. कृमींची संख्या हा एक प्रकारे टाकीचा हिशेबच असतो. गरजेपेक्षा किती अन्न पाण्यात जाते, ते तो सांगतो.

आधी ताट आवरा

यावरचा उपाय साधा आहे, पण त्याला चिकाटी लागते. माशांना दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच अन्न द्यावे. गोठवलेले अन्न आधी वितळवून, गाळून, त्याचे पाणी फेकून द्यावे. त्या पाण्यातील पोषकद्रव्ये माशांच्या पोटात न जाता गाळात जातात. आठवड्यातून एकदा पिचकारीने किंवा लहान पंपाने दगडांवरील गाळ उडवावा आणि पाणी बदलताना तो नळीने ओढून घ्यावा. गाळणीचा स्पंज किंवा कापड वेळेवर धुवावे. प्रोटीन स्किमरचा पेला भरून वाहू देऊ नये. मेलेली गोगलगाय, मेलेला खेकडा दिसताच बाहेर काढावा. अन्न कमी झाले, की काही आठवड्यांत कृमींची संख्या आपोआप उतरू लागते. औषधाचा एक थेंबही लागत नाही.

संख्या लवकर कमी करायची असेल, तर सापळा लावता येतो. एखाद्या लहान प्लास्टिकच्या नळकांड्याला किंवा डबीला बारीक छिद्रे पाडून आत कोळंबीचा तुकडा ठेवावा आणि दिवे मालवण्यापूर्वी तो वाळूवर ठेवावा. पहाटे उजेड होण्याआधी तो उचलावा. जुन्या नायलॉनच्या मोज्यात आमिष बांधूनही काम होते. कृमींचे केस विणीत अडकतात. दिसलेला कृमी लांब चिमट्याने अलगद धरून काढावा. तो तुटू नये याची काळजी घ्यावी, कारण ‘युरिथो’सारखे कृमी तुकड्यांपासून नव्याने वाढतात. एका कृमीचे दोन तुकडे करून दगडात सोडणे म्हणजे त्याला मारणे नव्हे, दुप्पट करणे होय.

नैसर्गिक शत्रूंचाही उपयोग होतो. सहा आडव्या रेघांचा ‘सिक्सलाइन रास’, पिवळा ‘कॅनरी रास’ आणि ‘डॉटीबॅक’ हे मासे लहान कृमी टिपतात. कोळ्यासारखे लांब पाय असलेला ‘ॲरो क्रॅब’ आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची ‘कोरल बँडेड’ कोळंबीही कृमी खाते. मात्र हे भाडोत्री शिपाई केवळ आपल्याला हवे तेच खात नाहीत. ॲरो क्रॅब झोपलेले छोटे मासे आणि शोभेचे नळीकृमीही पकडतो. सिक्सलाइन रास मोठा झाला, की लहान टाकीत इतर माशांना जगू देत नाही. डॉटीबॅकही आपल्या हद्दीत दुसऱ्याला फिरकू देत नाही. हजार रुपयांच्या समस्येसाठी दहा हजारांची समस्या घरी आणण्यात अर्थ नाही.

खरे धोकादायक कोण?

तीन कृमींच्या बाबतीत सौम्य धोरण चालत नाही.

पहिला ‘हर्मोडिस कॅरुन्क्युलाटा’, म्हणजे दाढीवाला अग्निकृमी. तो अटलांटिक महासागर, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रातला. शरीर जाडजूड, पांढऱ्या केसांच्या बुडाशी लालसर कल्ल्यांचे गुच्छ आणि डोक्यावर चुणीदार तुऱ्यासारखा अवयव. तो जिवंत प्रवाळ खातो. फांदीचे टोक तोंडात घेऊन वरचे मांस ओरबाडतो आणि मागे पांढराफटक सांगाडा उरतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, भूमध्य समुद्रातील एका प्रवाळाला पांढरे पाडणारा ‘व्हिब्रिओ शिलोई’ हा जीवाणू हिवाळ्यात याच कृमीच्या शरीरात मुक्काम करतो आणि उन्हाळ्यात त्याच्यामार्फत पसरतो, असे दिसून आले. हिंदी आणि प्रशांत महासागरातील दगडांबरोबर हा कृमी येण्याची शक्यता कमी. कॅरिबियन भागातील मालाबाबत मात्र सावध राहावे.

दुसरा ‘युनिसिड’ कुळातील. न्यूकीचा बॅरी त्याच जातकुळीतला. डोक्यावर पाच स्पर्शिका, मजबूत जबडे आणि तेलाच्या तवंगासारखे चमकणारे तपकिरी-जांभळे अंग या त्याच्या खुणा. केसांचे पांढरे झुबके त्याच्या अंगावर उठून दिसत नाहीत. या कुळातील सर्वांत प्रसिद्ध ‘युनिस ॲफ्रोडिटॉइस’, अर्थात ‘बॉबिट वर्म’. वाळूत अंग पुरून तो फक्त तोंड बाहेर ठेवतो आणि वरून जाणारा मासा क्षणात खाली खेचतो. जपानमधील वाकायामा प्रांतात शिराहामा येथे एका तरंगत्या तराफ्यात सापडलेल्या आणि २००९ मध्ये नोंदविल्या गेलेल्या अशा एका कृमीची लांबी २९९ सेंटिमीटर भरली होती. त्याला ६७३ वलये होती आणि वजन ४३३ ग्रॅम. अर्थात, युनिसिड कुळातील प्रत्येक कृमी राक्षस नसतो. दगडात राहणाऱ्या त्याच्या अनेक लहान जाती शैवाल आणि गाळावर गुजराण करतात. पण पाच स्पर्शिका दिसल्या आणि प्रवाळ कातरले जात असतील किंवा मासे नाहीसे होत असतील, तर वाट पाहू नये.

तिसरा ‘ओएनोन फुल्गिडा’. नारिंगी-पिवळा, गुळगुळीत दिसणारा आणि भरपूर चिकट स्राव सोडणारा. त्याची नजर शंख-शिंपल्यांवर असते. ट्रायडॅक्ना जातीचा मोठा शिंपला किंवा गोगलगायी एकापाठोपाठ मरू लागल्या आणि शिंपल्यांवर बुळबुळीत स्राव दिसला, तर रात्री याचा शोध घ्यावा.

या तिघांवर उत्तम उपाय हाताने पकडण्याचा. कृमी कोणत्या दगडात राहतो, ते दोन-तीन रात्री पाळत ठेवून निश्चित करावे. मग दिवसा तो दगड टाकीबाहेर, टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या बादलीत घ्यावा. बिळाच्या तोंडाशी साधा, बिनसाखरेचा सोडा पिचकारीने सोडला, की बहुधा कृमी बाहेर येतो. नेहमीपेक्षा बरेच खारट केलेल्या पाण्यात दगड काही मिनिटे बुडवूनही तो बाहेर पडतो. हे दोन्ही उपाय टाकीच्या आत करू नयेत. त्यातून दगडातील काही चांगले जीवही मरतात. त्यामुळे दगड परत ठेवण्याआधी स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळावा. कृमी हाती लागत नसेल, तर तो एक दगड वेगळ्या टाकीत ठेवणे किंवा त्याच्यावर पाणी सोडणे हे संपूर्ण टाकी औषधाने भरण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

लाल चपटे कृमी : मारणे सोपे, निस्तरणे अवघड

एखाद्या दिवशी काचेवर आणि दगडांवर गंजाच्या रंगाचे बारीक ठिपके दिसतात. पंधरवड्यात त्यांचा गालिचा होतो. हे ‘कॉन्व्होल्युट्रिलोबा’ वंशातील कृमी. लांबी अवघी काही मिलिमीटर आणि मागच्या टोकाला शेपटीसारखे तीन भाग. शौकीन त्यांना ‘रेड प्लॅनेरिया’ म्हणतात. शास्त्रीयदृष्ट्या ते खऱ्या चपट्या कृमींच्या गटातही मोडत नाहीत. त्यांना ‘एसील’ या वेगळ्या गटात ठेवले जाते. त्यांच्या शरीरात शैवाल राहते. त्यामुळे ते दिवसा उजेडाच्या जागी जमतात आणि सूर्यप्रकाशाऐवजी टाकीच्या दिव्यावर पोसले जातात. शरीरापासून कळ्या फुटून नवे कृमी तयार होत असल्याने एकाचे शंभर व्हायला वेळ लागत नाही.

ते प्रवाळाचे मांस खात नाहीत. पण प्रवाळावर दाट थर बसला, की प्रकाश अडतो आणि प्रवाळ कोमेजते. खरे संकट मात्र त्यांना मारताना उभे राहते. हे कृमी मरताना विषारी द्रव्य पाण्यात सोडतात. हजारो कृमी एकाच वेळी मेले, तर काही मिनिटांत मासे धापा टाकू लागतात. त्यांच्यासाठी ‘फ्लॅटवर्म एक्झिट’सारखी खास औषधे बाजारात आहेत आणि ती प्रभावीही आहेत. पण औषधाने टाकी ‘गेली’ अशी तक्रार होते, तेव्हा बहुधा औषध नव्हे, तर एकदम मेलेले कृमी कारणीभूत असतात.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी आठवडा-दोन आठवडे दररोज बारीक नळीने जमतील तितके कृमी ओढून बाहेर टाकावेत. टाकीत पाण्याचा प्रवाह वाढवावा. संथ कोपरे त्यांना आवडतात. संख्या खूप घटल्यावरच औषधाचा विचार करावा. औषध घालण्यापूर्वी टाकीच्या किमान चौथा हिस्सा ताजे खारे पाणी योग्य तापमान व क्षारतेसह तयार ठेवावे. ॲक्टिव्हेटेड कार्बन हाताशी असावा. हवेचा पुरवठा वाढवावा. मात्रा पाकिटावर सांगितल्याप्रमाणे, आणि टाकीतील प्रत्यक्ष पाण्याच्या हिशेबाने. दगड-वाळूने व्यापलेली जागा वजा करून. मेलेले कृमी तत्काळ ओढून घ्यावेत, ठरलेल्या वेळेनंतर कार्बन सुरू करावा आणि पाणी बदलावे. मासे जोराने श्वास घेताना दिसले, तर घड्याळाकडे न पाहता लगेच पाणी बदलावे. उरल्यासुरल्या कृमींसाठी आठवड्याने हीच प्रक्रिया पुन्हा करावी लागते.

या कृमींवर जगणारी ‘केलिडोनुरा व्हेरियन्स’ ही मखमली काळ्या-निळ्या रंगाची समुद्री गोगलगायही मिळते. तिचा आहारच हा. पण कृमी संपले, की तिची उपासमार होते आणि पंपात ओढली जाण्याचाही धोका असतो. त्यामुळे ती आणायची असेल, तर काम झाल्यावर ती कोणाकडे द्यायची, हे आधीच ठरवावे.

ॲक्रोपोराचा छुपा शत्रू

मत्स्यालयांतून विज्ञानाला मिळालेला एक कृमी म्हणजे ॲक्रोपोरा जातीचे शाखायुक्त प्रवाळ खाणारा चपटा कृमी. शौकिनांनी अनेक वर्षे त्याच्याशी झुंज दिल्यावर २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी मत्स्यालयांतील नमुन्यांवरून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ‘ॲमाकुसाप्लाना ॲक्रोपोरे’ असे नाव दिले. नंतर त्याचा वंश बदलून ‘प्रोस्थिओस्टोमम’ करण्यात आला. समुद्रात, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर लिझर्ड बेटाजवळ, तो त्यानंतर आढळला.

तो जवळजवळ पारदर्शक असतो आणि खाल्लेल्या प्रवाळाचाच रंग त्याच्या अंगात उतरतो. त्यामुळे समोर असूनही दिसत नाही. दिसतात त्या त्याच्या खुणा. प्रवाळाचा रंग फिका पडणे, अंगावर गोलसर फिकट डाग आणि बुंध्याजवळील उघड्या सांगाड्यावर तपकिरी-सोनेरी अंड्यांचे पुंजके. अशा वेळी प्रवाळ बाहेर काढून औषधी द्रावणात बुडवावे, म्हणजेच ‘डिप’ द्यावा. पिचकारीने पाण्याचा झोत मारला, की कृमी सुटून तळाशी पडतात. मात्र डिपने अंडी मरत नाहीत. ती ब्रशने किंवा टोकदार हत्याराने खरवडावी लागतात, अन्यथा बुंध्याचा तो तुकडाच तोडून टाकावा. पाण्याच्या तापमानानुसार साधारण दीड ते तीन आठवड्यांत अंड्यांतून नवी पिढी बाहेर येते. त्यामुळे एकदा डिप देऊन निश्चिंत होणाऱ्याची फसगत ठरलेली. आठवड्याच्या अंतराने किमान सहा आठवडे हे करावे लागते. सिक्सलाइन रास आणि काही जातींच्या ‘पेपरमिंट’ कोळंब्या हे कृमी खातात, असे प्रयोगांत आढळले आहे. त्यांची मदत होते, पण भरवसा खरवडण्यावरच ठेवावा.

यांना हात लावू नका

काचेवर आणि पंपावर दिसणाऱ्या पांढऱ्या, एक-दोन मिलिमीटरच्या गोल चकत्या म्हणजे ‘स्पायरॉर्बिड’ कृमींची घरे. ते पाणी गाळून खातात आणि कोणाचेही नुकसान करीत नाहीत. रंगीत पंखा उघडावा तसा तुरा पसरणारे ‘फेदर डस्टर’ नळीकृमी तर टाकीची शोभा. दगडात अंग लपवून सोंडेसारखे तोंड बाहेर काढणारे ‘पीनट वर्म’ आणि वाळूवर दोऱ्यांसारख्या स्पर्शिका पसरणारे कृमी हे सारे गाळ खाणारे उपकारकर्ते.

एक जीव मात्र कृमी समजून सोडून दिला जातो. टणक, वेड्यावाकड्या नळीतून कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे सोडणारी ‘व्हर्मेटिड’ ही खरे तर गोगलगाय आहे. तिच्या धाग्यांनी शेजारचे प्रवाळ आकसते. नळी चिमट्याने मोडून तोंडावर मत्स्यालयात चालणाऱ्या सुपर ग्लूचा थेंब टाकला, की प्रश्न सुटतो.

औषधाची बाटली शेवटी

माशांच्या रोगांसाठी दुकानांत तांबेयुक्त औषधे सर्रास मिळतात. प्रवाळांच्या टाकीत ती कदापि वापरू नयेत. तांबे कृमींबरोबर कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांनाही मारते आणि दगड-वाळूत शोषले जाऊन नंतरही पाण्यात उतरत राहते. जनावरांच्या जंतांवर दिले जाणारे ‘फेनबेंडाझोल’ केसाळ कृमींना मारते, पण शोभेचे नळीकृमी, गोगलगायी आणि काही मऊ प्रवाळांनाही सोडत नाही. त्याचा अंशही दगडांत रेंगाळतो. शिवाय, दगडांच्या पोटात शेकडो कृमी एकदम मेले, तर ते काढणार कोण? त्यांना खाऊन टाकणारे सफाई कामगारच मेलेले असतात. मग अमोनिया वाढतो आणि उरलेली टाकी त्यात जाते. साप समजून भुई धोपटण्याची ही किंमत.

दारातच अडवा

सर्वांत स्वस्त उपाय प्रवेशद्वाराशी आहे. नवे प्रवाळ थेट टाकीत सोडू नये. दोन बादल्या घ्याव्यात. पहिलीत टाकीचे पाणी आणि आयोडीनयुक्त किंवा तयार मिळणारा डिप, दुसरीत नुसते टाकीचे पाणी. पाकिटावर दिलेल्या वेळेपुरते, साधारणतः ५ ते १५ मिनिटे, प्रवाळ पहिल्या बादलीत ठेवून पिचकारीने झोत मारावेत आणि नंतर दुसरीत विसळावे. दोन्ही बादल्यांतील पाणी टाकीत ओतू नये. प्रवाळ ज्या चकतीवर वा दगडावर चिकटवलेले असते, ती चकतीच बदलणे उत्तम. अंडी बहुधा तेथेच असतात. त्यानंतर चार ते सहा आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवून पाहणी करावी. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी जिवंत दगडाऐवजी कोरडा किंवा चिनी मातीचा दगड वापरून त्यात जीवाणूंची वसाहत वाढू द्यावी. त्याला काही महिने जास्त लागतात, पण फुकटचे प्रवासी टळतात.

भारतात याला कायद्याचीही बाजू आहे. खडक बनविणाऱ्या प्रवाळांचा समावेश २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये झाला आणि ते संरक्षण आजही कायम आहे. १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या मालवणच्या किनाऱ्यावरून असो, लक्षद्वीपहून असो वा मन्नारच्या आखातातून, प्रवाळ किंवा त्याचा दगड उचलून आणणे गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारातही दगडी प्रवाळांवर ‘साइटीस’ कराराचे निर्बंध आहेत. विक्रेत्याकडे कागदपत्रे मागणे हे ग्राहकाचे कर्तव्यच ठरते. तसेच टाकीतून काढलेले कृमी, दगड किंवा पाणी समुद्रात वा खाडीत सोडू नये. परक्या समुद्रातील जीव आपल्या किनाऱ्यावर रुजला, तर त्याला चिमट्याने काढता येत नाही.

केस टोचल्यास

केसाळ कृमीला उघड्या हाताने धरू नये. त्याचे ठिसूळ केस कातडीत मोडतात आणि तीव्र आग होते. ‘युरिथो’च्या शरीरातून दाह निर्माण करणारे ‘कॉम्प्लॅनीन’ नावाचे द्रव्य शास्त्रज्ञांनी वेगळे केले आहे. केस टोचल्यास ती जागा चोळू नये. चिकटपट्टी हलकेच दाबून ओढावी, म्हणजे केस निघून येतात. मग हात स्वच्छ धुवावा. व्हिनेगर लावल्याने अनेकांना आराम पडतो. सूज वाढत गेली, ताप आला किंवा श्वास घेण्यास त्रास झाला, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. टाकीत हात घालताना लांब रबरी हातमोजे वापरण्याची सवय सर्वांत चांगली.

थोडक्यात

* कृमी दिसला, की आधी छायाचित्र घ्यावे. ओळख पटेपर्यंत औषध घालू नये.
* संख्या वाढली असेल, तर अन्न कमी करावे. कमी पडेल तेथे सापळा लावावा.
* प्रवाळ कुरतडले जात असेल, तर रात्री पाळत ठेवून तो एक कृमी काढावा.
* लाल चपटे कृमी आधी नळीने ओढावेत. औषध त्यानंतर, ताजे पाणी व कार्बन तयार ठेवून.
* ॲक्रोपोरावर अंडी दिसल्यास ती खरवडावीत आणि डिप किमान सहा आठवडे चालू ठेवावा.
* नवीन प्रवाळ डिप आणि विलगीकरणाशिवाय टाकीत सोडू नये.

न्यूकीच्या कर्मचाऱ्यांनी बॅरीसाठी टाकीत विष ओतले नाही. त्यांनी एकेक दगड हलविला, गुन्हेगार शोधला आणि बाकीचे प्रवाळ वाचविले. घरच्या तीन-चार फुटांच्या टाकीलाही तोच न्याय लागू पडतो. समुद्राचा तुकडा दिवाणखान्यात आणायचा, तर त्याबरोबर समुद्राचे सफाई कामगारही येणार. त्यांतला नेमका कोण नको, हे ओळखण्याइतका धीर ज्याच्याकडे आहे, त्याचीच टाकी वर्षानुवर्षे टिकते.